बहिणीच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली, रिपोर्टला प्रोटीन एस कमी आलंय, आता घरातल्या सगळ्यांनाच पॅरालिसिसचा धोका आहे का?

होटगीरोडवाली

नमस्कार. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या, सध्या डोकं जाग्यावर नाही. माझी धाकटी बहीण, वय २९, अक्कलकोट रोडला दिलीय. मे महिन्यात तिच्या दिराचं लग्न होतं आणि नेमकी हळदीच्या टायमालाच पाळी येणार, देवक वगैरे सगळं तिनंच करायचं, म्हणून सासूबाईंनी मेडिकलमधनं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या. बाहेर आपलं सोलापूरचं ऊन, ४३ डिग्री, लग्नघरात पाणी प्यायला पण सवड नाही. लग्न उरकलं आणि हिचं डोकं दुखायला लागलं. कोण म्हणे ऊन लागलंय, कोण म्हणे पित्त, एका डॉक्टरनं मायग्रेन म्हणून गोळ्या दिल्या, पण आडवं पडलं की जास्तच ठणकायचं आणि उलट्या. मग एका पहाटे फिट आली आणि त्यानंतर उजवा हात उचलेना.

ॲडमिट केल्यावर एमआर व्हेनोग्राफी काढली तर मेंदूतलं रक्त खाली आणणारी डोक्याच्या मधोमधची मोठी शीर असते त्यात गाठ. सीव्हीटी म्हणाले, म्हणजे मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ, हा पण स्ट्रोकचाच प्रकार आहे म्हणाले. रक्त पातळ करायची हेपरिनची इंजेक्शनं झाली, आता त्याचीच ॲसिट्रॉम गोळी चालू आहे, हात बऱ्यापैकी आलाय, फक्त लिहायला वेळ लागतो.

आता मुद्दा. आयसीयूत असतानाच रक्त घेऊन बाहेर पाठवलं होतं, त्यात प्रोटीन एस ३८ टक्के, प्रोटीन सी ५८, अँटिथ्रॉम्बिन ७१, तिन्ही पुढं बाण खाली दाखवलाय. तेव्हापासून तिच्या सासरी एकच सूर, आमच्यात असलं कोणाला नव्हतं, तुमच्या रक्तातच खोट आहे. वर अंडी पनीर खा, प्रोटीन कमी आहे ना. आई रात्र रात्र झोपत नाही ओ.

आमच्यात म्हणाल तर मावशीला बाळंतपणानंतर पाय मांडीपर्यंत सुजला होता, तेव्हा कोणी काही तपासलं नाही. मी ३४ ची, पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळी चालू आहे. दादा ४२, बीपी आहे आणि मावा सुटत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय दिवाळीनंतर. आम्ही सगळ्यांनी टेस्ट करायच्या का? आणि हे असलं की लकवा मारतोच का?

शेंगापोळी

ताई टेन्शन घेऊ नका, माझ्या चुलत्यांना पण रक्त घट्ट होतं असं सांगितलेलं. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या आणि अर्जुनाच्या सालीचा काढा चालू केला, एकदम ठणठणीत आहेत. बहिणीला पण चालू करा, गोळ्या हळूहळू कमी होतील.

रात्रपाळी

वरचा काढा कृपया अजिबात नको, ॲसिट्रॉम चालू असताना तर नकोच, कशाचा त्या गोळीवर किती परिणाम होईल सांगता येत नाही आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा नंबर, वर गेला तर मेंदूतच रक्तस्राव व्हायचा. काका ठणठणीत आहेत याचा आनंद आहे.

मी मेडिसिनला आहे, शिकलो सोलापुरातच, आता बाहेर असतो. पेशंट बघितलेला नाही त्यामुळं जे लिहितोय ते तुमच्या न्यूरोवाल्यांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून, तेवढंच.

पहिलं म्हणजे तो रिपोर्ट. गाठ ताजी असताना हे तिन्ही घटक गाठीतच खर्च होतात. वर हेपरिन चालू असलं की अँटिथ्रॉम्बिन आणखी खाली येतं. आणि तुमच्या बहिणीनं ज्या गोळ्या घेतल्या त्यानं प्रोटीन एस खाली जाऊ शकतं. म्हणजे ज्या दिवशी हे रक्त घेतलं त्या दिवशी ते कमी येणारच होतं म्हणा ना. जन्मजात दोष असतो तेव्हा बहुतेक वेळा तिन्हीतला एकच कमी असतो, तिन्ही एकदम थोडे थोडे उतरलेले दिसले की आधी डोक्यात येतं ते गाठ, औषधं नाहीतर लिव्हर. प्रोटीन एस जास्तच कमी आहे हे खरं, मावशीची हकीकत पण आहे, त्यामुळं शंका राहतेच. पण या कागदावरून कोणाच्या रक्तात खोट काढायची म्हणजे कमाल आहे.

अंड्यांचा काही संबंध नाही. प्रोटीन सी आणि एस लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के वापरून तयार होतात. आपल्याकडच्या माणसाला लूमचं उदाहरण पटेल, बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबायची सोय असते ना, तसं रक्त गोठायला लागलं की पुरे झाल्यावर ते थांबवणारी ही मंडळी. सी हा रक्त गोठवणारे फॅक्टर पाच आणि आठ तोडतो, एस त्याला मदत करतो. अँटिथ्रॉम्बिन गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच धरतं. हे कमी पडले की गोठणं वेळेवर थांबत नाही.

आता लकवा मारतोच का, तर नाही. हे दोष मुख्यतः शिरांमध्ये गाठी करतात, म्हणजे पायाच्या खोल शिरेतली गाठ (डीव्हीटी), ती सुटून फुप्फुसात जाणं, आणि क्वचित मेंदूतल्या शिरा, जे बहिणीला झालं. सीव्हीटी मुळात दुर्मीळ आहे, युरोपातल्या आकड्यांत वर्षाला लाखात एखाद-दुसरा. आपण ज्याला नेहमी पॅरालिसिसचा झटका म्हणतो तो धमनी बंद होऊन येतो, आणि मोठ्या माणसांत त्याच्याशी प्रोटीन सी एस कमी असण्याचा संबंध फार कमजोर निघालाय. लहान मुलांत थोडा वेगळा हिशोब आहे. एक आडवाट असते, हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र साधारण चारात एका माणसाचं पूर्ण बुजलेलं नसतं, त्यातनं पायाची गाठ थेट मेंदूकडं जाऊ शकते, पण ते क्वचित.

आणि ही कमतरता असलेली कितीतरी माणसं गाठ न होता म्हातारी होतात. प्रोटीन सी ची सौम्य कमतरता तर साधारण २०० ते ५०० माणसांत एकाला असते, बहुतेकांना पत्ताही नसतो. गाठ होते ती बहुतेकदा वरनं काहीतरी भर पडल्यावर. बहिणीच्या बाबतीत ती भर काय होती ते तुम्हीच लिहिलंय.

विडीघरकुल

म्हणजे त्या पाळीच्या गोळ्यांनी झालं म्हणताय का? आमच्याकडं तर सत्यनारायण असो, सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा असो, पंढरपूरला जायचं असो, सर्रास घेतात की ओ. मेडिकलवाला विचारत पण नाही काही, पट्टी कापून देतो.

रात्रपाळी

एकट्या गोळीनं झालं असं छातीठोक कोणी सांगणार नाही. ऊन, पाणी कमी, गोळी, आणि असलाच तर जन्मजात दोष, हे सगळं एकावर एक चढलं.

पण गोळीबद्दल लिहितोच कारण हे खरंच माहीत असायला पाहिजे. त्यात नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. बरेच जण, कधी कधी डॉक्टर पण, यात गाठीचा धोका वाढवणारं इस्ट्रोजेन नाही म्हणून निर्धास्त असतात. पण पाळी लांबवायला ५ मिलिग्रॅमची दिवसाला तीनदा देतात, आणि एवढ्या डोसला तिचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे साध्या गर्भनिरोधक गोळीत असतं तेच इस्ट्रोजेन. म्हणून जिला आधी गाठ झालीय, जिच्या सख्ख्या नात्यात कमी वयात गाठ झालीय, जी आडवी पडून आहे, जिचं वजन खूप आहे, तिला ही गोळी न विचारता देणं बरोबर नाही. बाकी लाखो बायका घेतात आणि काही होत नाही हेही तितकंच खरं, घबराट पसरवायची नाहीये.

मला विचाराल तर पाळीत देवाचं केलं म्हणून काही बिघडत नाही, पण ते माझं मत, डॉक्टरी नव्हे.

होटगीरोडवाली ताई, तुमची पीसीओडीची गोळी मात्र याच आठवड्यात गायनॅककडं जाऊन बदलून घ्या, टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. सख्ख्या बहिणीला २९ व्या वर्षी गाठ झालीय, इस्ट्रोजेनवाली गोळी नको म्हणायला एवढंच पुष्कळ आहे. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी हे कारण जात नाही.

निळंझाकण

मी लॅबमध्ये आहे, सॅम्पलचं बोलतो, कारण अर्धे चुकीचे रिपोर्ट तिथंच तयार होतात.

या टेस्टला निळ्या झाकणाची ट्यूब लागते, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, त्यात रक्त बरोबर खुणेपर्यंतच पाहिजे, नऊ भाग रक्त एक भाग सायट्रेट. कमी भरलं की आकडा बोंबलला. मग लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा, परत एकदा फिरवून प्लेटलेट काढून टाकायच्या, आणि गोठवून पाठवायचा. सोलापुरातनं बहुतेक हे सॅम्पल पुण्या-मुंबईला जातात, वाटेत वितळलं तर प्रोटीन एस ची ॲक्टिव्हिटी, म्हणजे ते काम किती करतंय तो आकडा, मस्त कमी येते आणि माणूस आयुष्यभर पेशंट होतो. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

अजून एक, प्रोटीन एस दोन तीन प्रकारे मोजतात. बाईमाणसाची टेस्ट असेल तर फ्री प्रोटीन एस अँटिजेन, म्हणजे रक्तात मोकळं प्रोटीन एस किती आहे ती टेस्ट, मागा, ॲक्टिव्हिटी एकटी लई दगा देते. गरोदरपणात करूच नका, तेव्हा ते आपोआपच खाली जातं. आणि ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू असताना सी आणि एस करून पैसे घालवायचे नाहीत, ती गोळी व्हिटॅमिन के अडवते त्यामुळं दोन्ही कमीच येणार. बंद करून किमान २ आठवडे, बरेच डॉक्टर ४ ते ६ थांबतात. आता हे वाचून कोणी टेस्टसाठी म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

म्हणून मला वाटतं ताई, बहिणीपेक्षा तुमचं आणि दादाचं सॅम्पल जास्त खरं सांगेल, तुम्हाला गाठ पण नाही आणि रक्त पातळ करायची गोळी पण नाही. फक्त तुमची ती गर्भनिरोधक गोळी बंद होऊन एक-दोन महिने जाऊ द्या.

बाळीवेस

मी प्रोटीन सी वाला. पायाला दोनदा डीव्हीटी झाली, दुसऱ्यांदा फुप्फुसात गेली, टेस्ट व्यवस्थित थांबून परत करून पक्कं झालं, त्यामुळं गोळी कायमची. टॉवेलचं दुकान आहे, सगळं व्यवस्थित चालू आहे, बहिणीला सांगा घाबरायचं काही नाही. पण काही गोष्टी कोण सांगत नाही म्हणून लिहायलोय.

डॉक्टर सांगतात पालेभाजी बंद. बंद नाही करायची ओ, सारखी ठेवायची. मेथी, पालक, शेपू, चाकवत यात व्हिटॅमिन के भरपूर, आठवड्यात जेवढी खाता तेवढीच दर आठवड्याला खा, एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात शून्य असं केलं की आयएनआर नाचतो. माझा २ ते ३ मध्ये ठेवायचाय. हुरड्याला जातो, कडक भाकरी शेंगाचटणी सगळं खातो, त्यानं काही फरक पडला नाही. उपास मात्र श्रावणात एकदम कडक धरायचो, जेवणच बदललं की नंबर बदलतो, ते आता धरत नाही, बायको धरते माझ्या वाटचे.

अंगदुखी डोकेदुखीला मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक, ब्रुफेन आणायचं नाही, पॅरासिटॅमॉल घ्यायची. आणि गावाकडं गेलं की डॉक्टर लगेच कंबरेत सुई टोचतात, ती घ्यायची नाही. माझ्या मांडीत एवढं रक्त साकळलं होतं एका इंजेक्शननं, काळीनिळी झाली होती. दातवाल्याकडं, डोक्याला टाके पडले तरी, कुठंही आधी सांगायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मी पाकिटात चिठ्ठी ठेवतो.

आणि गोळी सुरू करताना हेपरिनची सुई काही दिवस बरोबर चालू ठेवतात ना, ते उगाच नाही. प्रोटीन सी वाल्याला नुसती गोळी मोठ्या डोसनं सुरू केली तर पहिल्यांदा सी च खाली पडतं, बाकीचे गोठवणारे घटक नंतर, मधल्या वेळात कातडी काळी पडून सडायचा धोका असतो. मला आमच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं.

होटगीरोडवाली

किती बरं वाटलं सांगू. रिपोर्टचं सगळं आईला वाचून दाखवलं, तिनं मला परत पहिल्यापासनं वाचायला लावलं. गोळीसाठी गायनॅकची वेळ घेतली.

दादाचं सांगाल का? तो म्हणतो मी पुरुष, मला पाळीच्या गोळ्या थोडीच घ्यायच्यात, टेस्ट कशाला. आणि बहिणीला मूल नाही अजून, सासरचे आता तेच बोलायलेत, हिला पुढं मूल होणार का. आईच्या गुडघ्याचं पण राहिलं.

रात्रपाळी

दादाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. दोष असला तर तो आई किंवा बाप कोणाकडूनही येतो, मुलगा मुलगी दोघांनाही निम्मी निम्मी शक्यता. टेस्टचा उपयोग एवढाच की पुढं ऑपरेशन झालं, पाय प्लास्टरमध्ये गेला, तर काळजी घेता येते. रोजची गोळी नुसत्या रिपोर्टवरून कोणी सुरू करत नाही. पण दादाला जर खरंच लकव्याची भीती असेल तर त्याचा धोका प्रोटीन एस मध्ये नाही, बीपी आणि माव्यात आहे. ४२ व्या वर्षी बीपी असताना मावा चघळायचा आणि वर रक्ताच्या महागड्या टेस्ट करायच्या याला काही अर्थ नाही, त्यापेक्षा बीपीची गोळी रोज घेतो का ते बघा, शुगर बघा. घरात कोणी मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच आहे. आणि चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलं असं कोणाचंही झालं तर तेल मालिश न करता १०८ लावा, गाठ विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासाच्या आतच देता येतं.

बहिणीच्या डॉक्टरांना दोन टेस्ट झाल्यात का विचारा, या दोन्ही प्रोटीन सी एस पेक्षा जास्त कामाच्या निघू शकतात. एक अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, म्हणजे शरीरानंच तयार केलेले गाठी करणारे घटक, हा प्रकार धमनीतपण गाठ करतो आणि त्याच्यात औषध वेगळं ठरतं, पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करून बघावीच लागते. दुसरी होमोसिस्टीन, रक्तातला एक घटक, तो वाढला की गाठीचा धोका वाढतो. पूर्ण शाकाहारी घरात बी १२ कमी असतं आणि त्यानं होमोसिस्टीन वाढतं, सीव्हीटीच्या पेशंटमध्ये आपल्याकडं हे पुष्कळदा सापडतं आणि उपाय स्वस्त आहे.

मूल होईल, बिनघोर सांगा. फक्त ठरवून. ॲसिट्रॉम, वॉरफरिन गरोदरपणाच्या सुरुवातीला बाळाला बाधते, विशेष करून सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणून दिवस राहिले असं वाटलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मग पोटात घ्यायची हेपरिनची बारीक सुई देतात, ती वारेतून बाळाकडं जात नाही. ती बाळंतपणानंतर निदान ६ आठवडे चालते कारण खरा धोका तेव्हाच जास्त असतो, तुमच्या मावशीचा पाय आठवा. आणि आपल्याकडं बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत आहे ती या बाईला मुळीच नको. तोपर्यंत पाळणा लांबवायला तांबी चालेल. ॲसिट्रॉम किती दिवस हे विचाराल तर अशा कारण दिसणाऱ्या सीव्हीटीला सहसा ३ ते ६ महिने, दोष पक्का निघाला तर कदाचित जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर तपासून घेतली नसेल तर घ्या, डोक्यातला दाब वाढलेला असला तर नजरेवर हळूहळू परिणाम होतो आणि कळत नाही.

आईंचं ऑपरेशन थांबवायची गरज नाही. गुडघा बदलल्यावर रक्त पातळ करायचं औषध तसंही देतात. सर्जनना आणि भूलवाल्यांना मुलीचं आणि मावशीचं दोन्ही सांगा, लिहूनच द्या, म्हणजे डोस आणि दिवस ते ठरवतील.

विडीघरकुल

सासूबाईंना हे वाचायला द्या ओ ताई.

होटगीरोडवाली

बहिणीनंच फॉरवर्ड केलं, सासऱ्यांनी वाचलं, सासूबाईंनी अजून उघडलेलं नाही. निळंझाकण भाऊ, माझी गोळी बंद झाल्यावर सॅम्पल कधी द्यायला यावं, शनिवारी मला सुट्टी असते.

निळंझाकण

शनिवार नको. शनिवारी घेतलेलं रविवारी कुठंतरी पडून राहतं. सोमवार ते बुधवार सकाळी या, ज्या लॅबला द्याल तिथं आधी फोन करून विचारा की प्लाझ्मा तुम्ही इथंच वेगळा करून गोठवता का, आणि ड्राय आइसमध्ये पाठवता का. नुसतं हो हो म्हणाले आणि ट्यूब फ्रीजमध्ये ठेवायला लागले तर दुसरीकडं जा.